खंडेनवमीचा स्विच

अप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये टेंपररी लागले. टेंपररी म्हणजे सात महिने काम, मग ब्रेक. पुन्हा बोलावणं येईल की नाही, ते सुपरवायझरच्या मर्जीवर. ब्रेक लागला की मोशीतल्या आमच्या पत्र्याच्या खोलीतून आधी भाजी जायची, मग तेल. आई पिठल्यात पाणी वाढवत राहायची. अशा दिवसांत अप्पा एका केबलवाल्याकडे गच्च्यांवरून वायर ओढायला जायचे. पुढे त्या केबलवाल्यानं धंदा आवरला आणि आमच्या भागातली लाईन अप्पांना दिली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, हिंजवडीत नोकरी केली. मग ती सोडून अप्पांच्या लाईनवर टीव्हीच्या जोडीला इंटरनेट आणलं. नातेवाईक म्हणाले, "एवढं शिकून शेवटी केबलवालीच झाली." झाले. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

लॉकडाउनमध्ये घराघरांत ऑफिसं आणि शाळा भरायला लागल्या आणि आमच्या नेटचा दम निघाला. "मॅडम, मीटिंगमध्ये आमच्या साहेबांचं तोंड कधीपासून उघडंच आहे, मिटवा की," असे फोन यायचे. लोक हसून सांगायचे तोवर ठीक होतं. मग नव्या सोसायट्यांत मोठ्या नेट कंपनीची माणसं फिरायला लागली.

आमचा स्विच जुना झाला होता. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. जिथून घराघरांत नेट वाटलं जातं, ती पेटी. जास्त स्पीडची पेटी घ्यायची तर नव्या टेंपोएवढी किंमत. बरं, पेटी घेऊन भागत नाही. फायबरची तार ज्यात बसते ती बोटाच्या पेराएवढी मॉड्यूल्स वेगळी घ्यायची, आणि तीही पेटीच्याच कंपनीची. दुसरं घातलं तर पेटी ओळखच देत नाही. मोठ्या कंपन्या ढिगानं घेतात, त्यांना भाव पाडून मिळतो. आम्हाला स्विच एकच हवा होता.

अप्पांनी एक मॉड्यूल तळहातावर घेऊन पाहिलं. "सोन्याचं हाय का गं हे?"

"सोनं परवडलं असतं," आई म्हणाली.

म्हातारपणी घर बांधायला म्हणून गावाकडे ठेवलेली जागा अप्पांनी विकली. मी नको म्हणाले तर म्हणाले, "गावाला जाऊन काय करू, माय? माझं सगळं इथंच हाय की."

स्विच आला, चालला. तक्रारी थांबल्या. पंधरवड्यानं खंडेनवमी आली.

ज्यांनी कारखान्यातली खंडेनवमी पाहिली नाही त्यांना सांगते. त्या दिवशी मशीन बंद ठेवतात, पुसून लख्ख करतात. हळदीकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, समोर नारळ फोडून त्याचं पाणी मशीनवर शिंपडतात. मग बटण दाबायचं. अप्पांनी आयुष्यभर असंच केलं होतं. चालू मशीनला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. लोखंडी प्रेसला नारळाच्या पाण्यानं काय होणार होतं?

मी एका सोसायटीच्या गच्चीवर वायर जोडत होते. अचानक फोनवर फोन यायला लागले, नेट गेलं म्हणून. मी गाडी काढून घरी आले. अप्पा आंघोळ करून, टोपी घालून पेटीसमोर उभे होते. पेटीवर माळ, पुढच्या जाळीवर कुंकवाची पाच बोटं. खोलीत उदबत्तीचा वास होता आणि त्याच्याखाली जळक्याचा.

"बंद करूनच पूजा केली गं," ते म्हणाले. "मग बटण दाबलं तर..."

पेटीवरची माळ काढत म्हणाले, "जन्मभर मालकाच्या मशीनला कुंकू लावलं. ही आपली होती."

आईनं उदबत्ती विझवली.

ज्यांच्याकडून स्विच घेतला त्यांच्या इंजिनिअरनं पेटी उघडली. "मॅडम, आत पाणी गेलंय. वॉरंटीत नाही बसत." मी जुना स्विच परत लावला. महिन्याभरात नव्या सोसायट्या एकेक करून मोठ्या कंपनीकडे गेल्या. "ताई, राग मानू नका, पण दसऱ्याला गेलेलं नेट दिवाळीला तरी येणार का?" एकानं विचारलं. त्याचंही चूक नव्हतं.

अप्पांनी मला न विचारता सिक्युरिटीची नोकरी धरली. गेट मिळालं ते आम्हाला सोडून गेलेल्याच एका सोसायटीचं. मोठ्या कंपनीची माणसं वायर ओढायला आली की अप्पा उठून त्यांना गेट उघडून द्यायचे. मी तिथून जाताना गाडी हळू करायचे, ते दुसरीकडे बघायचे.

त्यानंतर मी दिवसा एका कंपनीचं नेटवर्क सांभाळलं आणि संध्याकाळी आमची लाईन. दुसरा स्विच घ्यायला तीन खंडेनवम्या गेल्या. चौथीला मी कुंकवाची वाटी घेऊन अप्पांना म्हणाले, "इथं लावा, पेटीखालच्या रॅकच्या पायाला. हे नुसतं लोखंड आहे. काही होत नाही."

त्यांनी बोट बुडवलं, पेटीकडे बघितलं आणि उंबऱ्यावरच थांबले.

"तू लाव. तुला कळतंय," म्हणाले. बोट रुमालाला पुसलं आणि ड्युटीवर गेले.

मी रॅकच्या पायाला कुंकू लावलं.

तो स्विच आज चालू आहे. त्याचे हप्ते फिटले. सोडून गेलेल्यांपैकी निम्मी घरं परत आली. लाईन आमच्याच नावावर आहे.