तुलसाबाईने घेतलेली तीन नावे

फुलचूरच्या तुलसाबाईने वीस वर्षे सासरच्या एकाही वडीलधाऱ्याचे नाव तोंडात आणले नव्हते. नवऱ्याचे नाही, सासऱ्याचे नाही आणि भासऱ्याचे, म्हणजे थोरल्या दिराचे, तर मुळीच नाही. भासरा अंगणात आला की ती पदर ओढून भिंतीआड व्हायची. अशा बाईला लुबाडणे म्हणजे हातचा मळ.

नवरा वारला तेव्हा भासऱ्याने, शिवलालने, एका कागदावर तिचा अंगठा घेतला. त्या कागदाला मुखत्यारनामा म्हणतात. बाईमाणसाने कचेरीचे हेलपाटे कशाला घालायचे, म्हणाला. १९५३च्या चैत्रात तिला कळले, की त्याच कागदाच्या जोरावर तो तिची तलावाखालची धानाची बांधी विकायला निघाला आहे. पोटापाण्याला तिच्याकडे तेवढीच जमीन होती.

ती तडक गोंदियाला अर्जनवीस खेमराजकडे गेली. दिलेला अधिकार म्हणजे दिलेली लेक, परत कशी आणायची, असे तिला वाटत होते. खेमराज हसला. मुखत्यार म्हणजे मालक नव्हे, तुमच्या वतीने सही करणारा तुमचाच माणूस. तुम्ही ठेवाल तोवर राहील, असे त्याने समजावले. एवढी सरळ गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती. तिला शिवलालपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

रजिस्ट्रीच्या साहेबाने अंगठा घेण्याआधी विचारले, कोणाची मुखत्यारी काढता, ते तुमच्या तोंडाने सांगा. शिवलालला कुणकुण लागली होतीच. तो दारात येऊन खाकरला. तिचा हात सवयीने पदराकडे गेला. आमच्यात बाया नाव घेत नाहीत, असे साहेबाला सांगून तो निवांत चौकटीला टेकला.

तुलसाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"लिहा जी. मी तुलसा, मनोहरलालची बायको. हा शिवलाल, बिसरामचा पोरगा. याले मी मुखत्यार ठेवला होता. आता काढून राहिली."

गावात बोंब झाली. बाईने तिन्ही नावे घेतली, आता घराचे वाटोळे होणार, असे म्हातारे म्हणत राहिले. वाटोळे बिटोळे काही झाले नाही. त्या पावसाळ्यात रोवणी चालू असताना भासऱ्याचे बैल तिच्या बांधीत शिरले. बाया वाकल्या जागी थांबल्या. तुलसाबाई बांधाच्या धुऱ्यावर चढली आणि तिने तलावापलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली.

"शिवलालजी, बैल काढा. बांधी माही हाय."