पांढरं पातळ, निळे काठ

माझ्या मुलाने मला डोंगरावर नेलं ते पुण्य मिळावं म्हणून नाही, मी हरावं म्हणून.

आधीचं सांगते. मी नागपूरची. चौथीपर्यंत शिकले, मग तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत वर्ग झाडले आणि घंटा वाजवली. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते आणि मला ते आवडतं. एकदा न्हाणीत पडले, मनगट मोडलं. मुलगा आयर्लंडात, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचा रोज व्हिडिओवर फोन यायचा आणि मी प्लास्टरचा हात मांडीखाली लपवून आठ दिवस "बरी आहे" म्हणत होते. नवव्या दिवशी शेजारणीने चुगली केली. तेव्हापासून माझ्या "बरी आहे"वर त्याने विश्वास ठेवणं सोडलं.

म्हणून त्याने मला उचलून डब्लिनला आणलं, ओंगारला. तिथली घरं सगळी एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी भलत्याच दाराला किल्ली लावून दहा मिनिटं कुलपाला शिव्या घालत होते. आतून एक गोरी बाई निघाली. तिने मला पाणी दिलं आणि हात धरून आमच्या दारात आणून सोडलं. सून ड्रोहेड्याच्या दवाखान्यात नर्स, नात शाळेत, मुलगा वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. दिवसभर मी आणि कपडे धुवायची मशीन. दोघींपैकी तीच जास्त बोलायची.

मुलाने मला कायमचं ठेवून घ्यायचे कागद तयार केले होते. नागपूरच्या घराला भाडेकरूही बघून ठेवला होता. माझी सही तेवढी बाकी होती आणि मी ती देत नव्हते.

"त्या घरात एवढं काय ठेवलंय, आई?"

"माझ्या हाताने उघडायचं दार."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"उठीन."

अशात बुद्धपौर्णिमा आली. तिकडे आपल्या लोकांचा एक व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यात ठरलं की यंदा हॉलमध्ये कार्यक्रम न करता पश्चिमेकडच्या मेयोत जायचं आणि तिथल्या संताच्या पवित्र डोंगरावर चढायचं. बसची सोय, वाटाड्या, सगळं होतं. मी म्हटलं, "धर्म घेतला तेव्हा माझ्या सासऱ्याने देव्हारा टोपलीत घालून नदीत सोडला होता. आता त्याचा नातू दुसऱ्याच्या देवाचा डोंगर चढणार?"

"त्या संताच्याही आधीपासून तो डोंगर पवित्र मानतात, आई. सगळ्यांचाच आहे तो."

"म्हणजे जागा आधी कुणाची, हे भांडण इथेही आहेच."

तो हसला आणि मग फोनमध्ये बघत म्हणाला, "तसंही तुला नाही जमणार. शेवटचा चढ नुसता सुट्या दगडांचा आहे."

"काहून नाही जमणार?"

"चढून दाखव मग. टोकाला पोचलीस तर पुढच्या महिन्याचं तिकीट काढतो, जा नागपूरला. नाही पोचलीस तर आल्या आल्या सही."

"मंजूर," मी म्हटलं. नात सोफ्यावर होती, ती साक्षीदार.

पौर्णिमेच्या पहाटे उठून मी पाच लिटरचा स्टीलचा डबा भरून तांदळाची खीर केली. बुद्धपौर्णिमेला खीर वाटल्याशिवाय मला सण झाल्यासारखा वाटत नाही. मुलगा म्हणाला, "आई, डोंगर आहे. लोक बिस्किटं नेतात."

"बिस्किटं सुतकात नेतात."

कपड्यांवरूनही झालं. नात स्वतःची पँट घेऊन आली. मी म्हटलं, पौर्णिमेला पांढरंच. माझं पांढरं पातळ आहे निळ्या काठाचं. नागपुरात आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांकडे तसंच आहे, पांढरं धम्माचं, निळं आमच्या झेंड्याचं. ते नेसले, आतून मुलाची ट्रॅकपँट, पायात सुनेचे बूट दोन-दोन मोजे घालून, वरून मुलाचा जुना निळा स्वेटर. थंडी म्हणून पदर डोक्यावरून घेऊन मानेला गुंडाळला. नातीने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "ग्रँड, आजी." तिकडे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात; घर जळालं तरी लोक ग्रँडच म्हणत असतील.

आमचा वाटाड्या आयरिशच होता, साठीचा, डोक्याची तुळतुळीत हजामत, अंगात अर्धी चड्डी. चाळीस वर्षांपूर्वी बौद्ध झालेला. पार्किंगमध्ये त्याने आम्हा पंचवीस-तीस जणांकडून पंचशील म्हणवून घेतलं. त्याची पाली माझ्या मुलापेक्षा स्वच्छ. मुलाने चौथ्या शीलाला नुसते ओठ हलवले. मी मात्र मोठ्याने म्हटलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. मग वाटाड्याने एक चिमुकली पितळी घंटी वाजवली आणि सांगितलं की पहिला अर्धा तास मौनाने चालायचं. तसली घंटी मी शाळेत वाजवली असती तर मुलं अजून वर्गातच बसून राहिली असती. मौन पहिल्या ओढ्यापर्यंत टिकलं. तिथे कुणीतरी पिशवी उघडली, पोह्यांचा वास आला आणि सगळे एकदम बोलायला लागले. वाटाड्याने घंटीकडे पाहिलं आणि ती खिशात ठेवली.

मी माझ्या चालीने चालले. शाळेच्या पायऱ्या तीस वर्षं चढले आहे. घाई करायची नाही आणि बसायचं नाही, एवढंच त्यातलं तंत्र. मला एक गंमत वाटत होती. वरून उतरणारे लोक मला बघून बाजूला होत होते. एकाने टोपी काढली. एका बाईने छातीवर क्रॉस केला. एका माणसाने आपली काठी माझ्या हातात दिली आणि मी "नको नको" म्हणेपर्यंत तो निघूनही गेला. मी मुलाला म्हटलं, "इथले लोक म्हाताऱ्यांना फार मानतात. शीक काही."

मुलगा उत्तर देत नव्हता. त्याच्या पाठीवर खीर होती.

अर्ध्यावर एक सपाट खिंड लागते. तिथून मागे समुद्र दिसतो, त्यात ढेकळं टाकावीत तशी बेटं, आणि समोर टोकापर्यंतचा उभा चढ, नुसता दगडांचा ढीग. खिंडीत पोचल्यावर माझा मुलगा बसला. बसला म्हणजे पडलाच. मांडीत गोळे आले होते. मी त्याचे पाय चोळले तर कोकरासारखा ओरडला.

"आई, मला नाही जमणार. चल, दोघंही उतरू. अट रद्द."

"अट माझ्या चढायची होती. तुझ्या चढण्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. बस इथेच. खीर सांभाळ."

नातीला घेऊन मी निघाले. हिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. आता बाप मागे राहिल्यामुळे माझ्याशी बोलायला तिला मराठी काढावंच लागलं.

दगड पायाखालून सरकत होते. एक पाऊल वर, अर्धं खाली. तेवढ्यात दोन तगडे तरुण आले, वाकून काहीतरी बोलले आणि दोन्ही बाजूंनी माझ्या दंडांना धरून मला वर न्यायला लागले. मी जवळजवळ तरंगत होते. नात मागून हसत होती.

"काय झालं हसायला?"

"आजी, तुला नाही कळलं? हे सगळे समजतात तू नन आहेस."

"कोण?"

"नन. चर्चची. त्या कलकत्त्याच्या असतात ना, सेम साडी. पांढरी, निळी लाइन. सकाळपासून सगळे तेच समजतात. इट्स सो फनी."

मी तरुणांकडे पाहिलं. फार चांगली मुलं होती. टोकही दिसत होतं, त्यावर छोटं पांढरं चर्च. मी मनाशी म्हटलं, मी तर तोंडाने काही खोटं बोललेच नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणखी पन्नास-साठ पावलं मी तशीच गेले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गेले.

मग वाटेतल्या एका दगडावर बसलेल्या म्हातारीने माझा हात धरला. माझ्याहून मोठी, पायात साधे बूट, बोटांत जपमाळ. तरुण अदबीने थांबले. ती भराभर बोलायला लागली, डोळ्यांतून पाणी. नात हसायची थांबली.

"काय म्हणते?"

"तिच्या मुलीचं उद्या ऑपरेशन आहे. हार्टचं. म्हणते, तुम्ही प्रेयर केली तर देव... तुमचं ऐकेल."

आता आली का पंचाईत. टोक समोर होतं, तरुण उभे होते. दोन ओळी पुटपुटून, डोक्यावर हात ठेवून पुढे जाता आलं असतं. पण मुलीच्या ऑपरेशनवर खोटी नन होणं मला जमेना.

"सांग तिला, मी नन नाही. नागपूरची शाळेची शिपाईण आहे. आम्ही बुद्धाचे."

नातीने सांगितलं. तरुणांचे हात आपोआप सुटले. रागाने नाही, नुसते गोंधळले बिचारे. थोडं थांबून निघून गेले. म्हातारीने मला टाचेपासून पदरापर्यंत निरखलं, नाक पुसलं आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारते, मग तुम्ही लोक प्रार्थना करतच नाही का?"

"मागत नाही कुणाकडे. सगळ्यांचं भलं होवो, असं म्हणतो."

"ती म्हणते, तर मग तेच म्हणा."

मी तिच्याशेजारी दगडावर बसले आणि भवतु सब्ब मंगलं तीनदा म्हटलं. माझी तयारी तेवढीच होती. पण ती थोडीच सोडते. मुलीचं लग्न, मुलीचा नवरा ("तो माणूस नसून सोफा आहे," असं नातीने भाषांतर केलं), सगळं सांगितलं. मीही सुनेचं थोडं सांगितलं. वीस मिनिटं गेली. तोवर वर पाहिलं तर चर्च नव्हतं. धुकं उतरलं होतं. धुक्यातून आमची माणसं एकेक करून खाली यायला लागली. वाटाड्या आला आणि दोन्ही हात आडवे करून म्हणाला की आता वर कुणी जायचं नाही.

शाळेच्या पटांगणाएवढं अंतर राहिलं होतं. मी दोनदा विचारलं. त्याने दोनदा नाही सांगितलं.

उतरताना नात माझ्या कानाला लागली. "आजी, बाबाला काय दिसलं? काहीच नाही. मी सांगते तू टॉपला गेलीस."

खरं सांगते, अर्ध्या उतारापर्यंत माझं काही ठरत नव्हतं. दार डोळ्यांसमोर होतं, त्याचं कुलूप, कडी, सगळं. त्या दारासाठी मी आठ दिवस प्लास्टर लपवलं होतं, मग एक डोंगर लपवायला काय हरकत? पण नवव्या दिवशी काय झालं होतं तेही आठवत होतं.

खिंडीत मुलगा तसाच बसला होता. भोवती सात-आठ आयरिश लोक, प्रत्येकाच्या हातात कागदी पेला. वाट बघून कंटाळला आणि याने खीर वाटायला सुरुवात केली होती.

"पोचलीस?"

नात माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "थोडं राहिलं. धुकं आलं. आणि त्याच्या आधी लोक मला नन समजून उचलून नेत होते, थोडं मी नेऊ दिलं. तेही वजा कर."

त्याला उठवायला मी एका बाजूने आणि माझ्या मागोमाग उतरलेल्या त्या म्हातारीने दुसऱ्या बाजूने धरलं. आमचं दोघींचं वय मिळून दीडशेच्या वर. म्हातारीने नातीमार्फत विचारलं, हा आजारी आहे का?

"नाही," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये असतो."

तिने खीर दोनदा घेतली. मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. नंबर घ्यायचा राहिला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आण कागद." हरलं म्हणजे हरलं. तो म्हणाला, उद्या. उद्या त्याला जिना उतरता येईना. तीन दिवस मी त्याला जेवण वर नेऊन दिलं, आणि तीन दिवस खाली टेबलावर कागद आणि पेन पडून होतं. चौथ्या दिवशी तो कठडा धरून खाली आला, तेव्हा मी पेन हातात घेऊनच बसले होते. त्याने पेन काढून घेतलं.

"तू 'पोचले' म्हणाली असतीस, तर मी धरूनच चाललो असतो की खोटं बोलतेस. तिकीट काढलं असतं, पण रोज घोर लागला असता. आता सांग, तिकडून फोनवर 'बरी आहे' म्हणशील, ते खरं असेल?"

"बरी असले तर."

"आणि पडलीस तर?"

"पडले म्हणीन. हात दाखवून."

त्याने तिकीट काढलं, मात्र न्हाणीत लोखंडी दांडे बसवून घेईन या बोलीवर. मी दोन दांडे बसवले. एकावर टॉवेल वाळत घालते.

रोज फोन येतो. तो हात दाखव म्हणतो, मी दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरते, चोर पकडल्यासारखे. मग मी त्याला जिना उतरून दाखवायला सांगते.