बेटावरचे रोट

सुरतहून निघण्यापूर्वी तिथल्या नवागाम वस्तीतल्या घरी मी आयर्लंडचा नकाशा जमिनीवर पसरला होता. गॉलवे शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या नितीनने विचारले होते, "कडे पाहायचे, तळी की बेट? दोघे मिळून ठरवा." मी शाळामास्तर, ठरवण्याची सवय माझी. माझ्या बायकोने, विमलने एवढेच सांगितले, "कानबाईच्या रविवारी पोरासोबत जेवू." मी मान डोलावली आणि त्याच रविवारवर बेट लिहिले. संध्याकाळी परतूच, असा माझा हिशेब.

श्रावणातल्या या सणाला आम्हा खानदेशी लोकांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळून रोट (जाड गोड पुऱ्या) करतात. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. यंदा कानबाई देवी सुरतेत विमलच्या जाऊबाईंकडे बसणार होती. आमचे पीठ विमलने सोबत आणले होते. बेटावर निघालो त्या सकाळी ते तिने खांद्याच्या पिशवीत घातले, तेव्हा मी हसलो होतो.

बेट रुक्ष आणि देखणे. दगडी बांधांच्या चिमुकल्या शेतांतून चालत आम्ही कड्यावरच्या किल्ल्यापाशी पोहोचलो. वारा एवढा, की विमलने पदर दातांत धरला. खाली समुद्र खडकांवर आदळत होता. परत धक्क्यावर आलो, तेव्हा नाव दोरांवर हेलकावत होती.

"जाणार ना?" मी नावाड्याला विचारले.

"जाईन. पण कोणाला भीती वाटत असेल, तर त्याने राहावे. उद्या समुद्र निवळेल."

विमलचा सकाळपासून उपास. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज कानबाई शे. पोऱ्या घर एकलाच शे." (आज कानबाई आहे. मुलगा घरी एकटाच आहे.)

माझ्या तोंडाशी 'चला' आले होते. लाट धक्क्यावर चढून माझे बूट भिजवून गेली. माझ्याच हट्टाने ती या बेटावर आली होती. तिला या नावेत पाय ठेवायला सांगण्याचा मला आता अधिकार नव्हता.

"तू सांग," मी म्हणालो. "जायचे का?"

ती दचकली. मग माझ्या भिजलेल्या बुटांकडे पाहत म्हणाली, "आते इचारतस?" (आता विचारता?) आणि खांद्यावरची पिशवी सावरत, "राहू. रोट पुनवेपर्यंत चालतात. माणसं राहिली पाहिजेत."

नाव आम्हाला सोडून गेली. आम्ही रात्रीपुरते एक उतारघर गाठले. तिथल्या बाईंनी दूरध्वनी दिला. नितीन म्हणाला, "आई, मीही उपाशीच थांबतो."

"थांबू नको, खुळ्या! भात खा. तुझा वाटा मी सांभाळते."

त्या बाईंच्या स्वयंपाकघरात तिने रोट तळले. वास घेत बाई म्हणाल्या, "एक मला?" विमल अडखळली. देणे शक्य नव्हते, नाही म्हणणेही. तिने बाईंच्याच डब्यातले पीठ मागून घेतले आणि त्यांच्यासाठी वेगळी पुरी तळली. बाईंनी ती लोणी लावून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नितीन पलीकडच्या धक्क्यावर उभा होता. विमलने नावेतून उतरताच फडक्यातला त्याचा रोट काढला. लोक सामान उचलत वाट काढत होते. तो तिथेच उभ्याने खात राहिला. विमल एकटक त्याच्याकडे पाहत होती. कडे आणि तळी पाहायची राहिली ती राहिलीच. उरलेले दिवस कुठे जायचे, हे तिने ठरवले, आणि ती बहुतेक वेळ नितीनच्या घरातून कुठेच गेली नाही.

सुरतेला परतल्यावर शेजारी विचारतात, "मास्तर, आयर्लंडमध्ये काय पाहावे?" मी आतल्या दाराकडे वळून म्हणतो, "थांबा, हिला विचारतो."