एकुलता एक नर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, प्राणिशास्त्राच्या इतिहासातली सर्वात महागडी शिंक मी दिली आहे.

कीटकांची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास आला की ती शिंक आजही आठवते. पेडण्यातल्या सगुणच्या मिठागराच्या काठावर मला मोहरीएवढी माशी सापडली होती, शास्त्राला अगदी नवी. नराशिवाय तिचं वर्णन पुरं होईना, आणि माझ्याकडे नर एकच होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पाय मोजताना मला शिंक आली आणि तो उडाला, मेलेला असूनही. दोन दिवस मी कॉलेजच्या फरशीवर रांगत होतो.

मग जाळी घेऊन दुसरा नर आणायला गेलो. मिठागरात पाण्याच्या जागी तांबडी माती होती, ट्रकांच्या चाकांनी दाबलेली. खारा वास तेवढा उरला होता. सगुण बांधावर फावडं मांडीवर घेऊन बसला होता.

“भावांनी इकलां, सर,” तो म्हणाला. “जल्मभर हंय मीठ काढलां. आता ह्या हातांनी काय करू?”

मिठाने फाटलेले त्याचे तळवे मला आज दिसतात. त्या दिवशी फक्त माती दिसली. मी म्हणालो, “पण सगुण, मला अजून एक नर हवा होता.”