हंड्याखालचं डोकं

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्यात दुष्काळ. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटते कशी, यावर संशोधन करायला डॉक्टर टिपणीस मुंबईहून आले. कंधारहून बदलून आलेल्या नर्स पंचशीलाबाईंनी असले लई साहेब पाहिले होते.

टँकरवरून डोक्यावर हंडे घेऊन निघालेल्या बायांना साहेब विचारत, "डोकं फुटल्यासारखं दुखतं?"

"हाव!"

साहेब खुशीत फॉर्म भरत.

"साहेब, हंडा उतरवून इचारा की," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"नर्सनं मला शिकवू नये."

बाभळीखाली गावातली गुणाबाई, डोक्यावर हंडा नसताना, डोकं गच्च धरून ओकत होती. तिला साहेबांनी विचारलंच नव्हतं. पंचशीलाबाईंनी तिला उचलून जीपमध्ये घातलं.

साहेब धावले. "अहो, जीपमध्ये माझे फॉर्म आहेत!"

"उतरवून घ्या. त्यांचं डोकं दुखत न्हाई."