आंब्याचं खोड

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. आई गेल्यावर विचुंबे गावातल्या आमच्या घरामागे पडलेलं आंब्याचं खोड मी मुद्दाम कुजू दिलं. भुंगेरे अशाच लाकडात अंडी घालतात, हे मी कॉलेजात शिकले होते. शेजारची काकी म्हणाली, "लाकूड सडवाला कालेज कशाला पायजे गो?" समजावून सांगण्यात मला कमीपणा वाटला.

दोन वर्षांनी सालीखाली जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या. दाखवायला घरात कुणी नव्हतं.

होळीसाठी कुणाचंही लाकूड न विचारता उचलायचं आणि मालकाने रागवायचं नाही, ही आमची रीत. मी नैवेद्य घेऊन गेले तेव्हा माझंच खोड पेटलं होतं.

"सडकाच होता ना तो ओंडका?" काकीने विचारलं.

मी हो म्हटलं. आत अळ्या होत्या, हे तेव्हाही सांगितलं नाही.