दाढ आणि तिळाचा लाडू

"पुरानी फिलिंग के बगल से टुकड़ा टूटा है, आंटीजी. कोई सख्त चीज़ चबाई थी?" गेल्या वर्षी संक्रांतीनंतर, आमच्या हिंदी मुलखातल्या गावी, पडाव भागातल्या डेंटिस्ट बाईंनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. शेजारच्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्या सगळीकडे माझ्याबरोबर असतात. आणि दाढ त्यांच्याच तिळाच्या लाडवाने तुटली होती.

सासूबाई ब्याऐंशीच्या. नीट दिसत नाही, तरी संक्रांतीचा पाक त्याच करतात. तेव्हा चार वर्षं पाक पुढे जात होता आणि लाडवांचे दगड होत होते. बाकीची कामं एकेक करून हातून सुटली, हे एवढं उरलंय, म्हणून घरात कुणी बोलत नाही. "छान झालेत" म्हणायचं आणि चघळत बसायचं. बाहेर ढीगभर गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी, मिळते, पण तीसुद्धा आम्ही आणत नाही. त्यांना वाईट वाटेल.

डॉक्टरांना वाटलं, फिलिंगची कड झिजून तुटली असेल. त्यांनी तेवढी बाजू भरून दिली.

दोन दिवसांत कळा सुरू झाल्या. घास चावून दाढ उचलली की मस्तकात सणक जायची. लवंग धरून मी स्वयंपाक करायची, सासूबाईंची औषधं द्यायची, डाव्या बाजूने वरणभात गिळायची. दहा दिवसांत अगदी कंटाळून गेले. एवढीशी दाढ, पण माणसाला पार थकवते.

पुन्हा पडाव, पुन्हा बाकावर तासभर. या वेळी डॉक्टरांना 'क्रॅक्ड टूथ'ची शंका आली. म्हणजे दाढेत आत गेलेली चीर. ती एक्स-रेत दिसेलच असं नाही. "जड़ तक गई होगी तो दाढ़ निकालनी पड़ेगी. ठीक से याद कीजिए."

उजवीकडची एक दाढ आधीच गेलेली. ही गेली तर त्या बाजूने चावणं संपलं. तरीही मी गप्प. स्वतःचाच राग आला.

"लड्डू था, तिल का," सासूबाई म्हणाल्या. "मैंने बनाया था. ये नहीं बोलेगी." मग माझ्याकडे वळून, "अगं, मी स्वतः तो दुधात भिजवून खाते."

डॉक्टरांनी जुनं फिलिंग काढून पाहिलं. चीर मुळापर्यंत गेली नव्हती. क्राऊन, म्हणजे दाढेवर घट्ट बसणारी टोपी, घालून भागलं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ते दहा दिवस वाचले असते. तुमच्यावर ही वेळ आली तर शेजारी कुणीही बसलेलं असो, डॉक्टरांना खरं काय ते सांगा.

यंदा संक्रांतीला सासूबाईंनी गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "तू बघ. मला दिसत नाही."

थेंबाची मऊ गोळी झाली होती. मी लगेच गॅस बंद केला. लाडू त्यांनीच वळले. पहिला मला दिला, आणि मी तो उजव्या दाढेने खाल्ला.